मराठीतला एकच हुकूम

आमच्या गावात कुत्र्याशी बोलायला तीनच शब्द पुरतात. जवळ बोलवायचं तर ‘यू यू’, कुणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’ आणि हाकलायचं तर ‘हाड’. एवढ्या शिदोरीवर इथल्या कुत्र्याचा अख्खा जन्म निघतो. त्यातही पहिले दोन शब्द कधीमधी, रोजच्या वापरात तिसराच. आमचे हे फौजेतून पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा त्यांनी आल्या आल्याच बजावलं, की ह्या तिन्हीपैकी एकही शब्द आपल्या अंगणात चालणार नाही. तेव्हा आमच्या अंगणात कुत्रं नव्हतंच. तरी मी ‘बरं’ म्हणाले. सतरा वर्षं सुट्टीपुरता भेटलेला नवरा कायमचा घरी आलाय, त्याला पहिल्याच दिवशी नाही कशाला म्हणा?

ह्यांचं नाव कचरू. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून हे जन्मले तेव्हा माझ्या सासूबाईंनी दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. सासूबाई म्हणजे गोजरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. हे फौजेत मेरठला कुत्र्यांच्या तुकडीत होते, हवालदार होऊन पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात सुटले. आमचं गाव गोदावरीच्या अलीकडच्या काठाला, शहागडला पायी जाता येईल इतकं जवळ. गावात सगळे त्यांना अजून ‘कचऱ्या’ म्हणायचे. आमच्या बौद्धवाड्यात मात्र ‘हवालदार’.

पुढच्याच महिन्यात हे जालन्याला गेले आणि स्टेशनजवळच्या एका व्यापाऱ्याच्या अल्सेशियन कुत्रीचं पिल्लू टोपलीत घालून घेऊन आले. जालना ते अंबड, अंबड ते शहागड, दोन एसट्या. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं पिल्लाचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे. ह्यांनी काढलंसुद्धा! वर ते तिकीट आम्हाला दाखवलं. आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “माझं तिकीट कुनी काढलं न्हाई कदी, आन् ह्या बोटभर जिवाचं काढलं!” पिल्लाचं नाव रेक्स. आत्याबाईंच्या तोंडी ते दुसऱ्या दिवशी ‘रेकसू’ झालं.

रेक्सची शाळा सकाळी उजाडलं की सुरू व्हायची. सिट, स्टे, कम, लीव्ह. काम इंग्रजीत, शाबासकी हिंदीत. मराठीला तिथं थारा नव्हता. मी एकदा विचारलं, “अहो, बस म्हणलं तर काय बसणार न्हाई का ते?”

“बसंल की,” हे म्हणाले. “मराठी शिकिवली की गावातलं कुनीबी उठून त्याला हुकूम देईल. माझ्या कुत्र्याला गावचा हुकूम नको.”

“मंग मला तरी शिकवा तुमचं विंग्रजी.”

“एका जनावराला एकच आवाज. दोन मालक झाले की बिघडतंय.”

इंग्रजी शब्द काय, ऐकून ऐकून मला पाठ झाले होते. मी हे नसताना ‘सिट’ म्हणून पाहिलं. रेक्सनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच खाली बसले. शब्द खरे होते, पण आवाज ह्यांचा नव्हता. फौजेनं ह्यांना हे पक्कं शिकवलं होतं आणि ह्यांनी कुत्र्याला. आत्याबाई मात्र रेक्सशी दिवसभर गप्पा मारायच्या, नदीचं पाणी किती उतरलं इथपासून माझा स्वयंपाक किती बिघडला इथपर्यंत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. “माझा ल्योक कुत्र्याशी विंग्रजीत बोलतोय, आन् माझ्याशी बोलतच न्हाई.” आम्ही हसायचो. पण ते खरं होतं. हे आईला औषधपाणी, लुगडं, काही कमी पडू द्यायचे नाहीत, पण तिच्याजवळ जाऊन घडीभर टेकलेले मी कधी पाहिले नाहीत. फौजी माणसं अशीच, असं मी धरून चालले होते.

एकदा दुपारी चहा पिताना मीच विषय काढला. म्हटलं, यू आणि छू एक वेळ राहू द्या, पण ‘हाड’ शब्दाचा एवढा राग कशापायी? ह्यांनी कप खाली ठेवला.

“मी सात वर्षांचा असंल,” हे म्हणाले. “बद्रीनाथचं खळं चाललं व्हतं. तातेरावचा बाप, बद्रीनाथ. माय खळं झाडायला गेल्ती, मी तिच्यासंगं. ज्वारीची रास पडल्याली. सूर्य तिच्यावर आल्ता, अशी पिवळी चमकून राह्यली व्हती. मी रास बघायला पुढं गेलो. आपल्या माणसानं राशीला शिवायचं नसतंय, हे मला कुठं ठाऊक? मी राशीकडं तोंड करून उभा, आन् मागून आवाज आला. हाड!”

“बद्रीनाथचा?”

“मी वळून बघितलंच न्हाई. खळं त्याचं, मंग आवाज कुनाचा? तिथं एक कुत्रंबी व्हतं. आमी दोघं संगंच पळालो.”

मला त्या दिवशी ह्यांची फार माया आली. बद्रीनाथ मरून वर्षं झाली होती, तातेराव आता खळ्याचा मालक होता आणि रस्त्यात भेटला की आम्हाला ‘जय भीम’ही म्हणायचा. पण आतला काटा तसाच राहिला होता. काटा काढायचा सोडून ह्यांनी तो कुत्र्याच्या गळ्यात बांधला, हे मला फार उशिरा समजलं.

झालं असं, की ह्यांनी रेक्सला मराठीतला एकच हुकूम शिकवायचं ठरवलं, आणि तोही उलटा. ह्यांचा चुलतभाऊ कडूबा, शेजारीच राहायचा. त्याच्या हाताला गोणपाट गुंडाळायचं, त्यानं समोरून यायचं आणि रेक्सकडे बघून म्हणायचं, ‘हाड!’ तेवढं म्हटलं की ह्यांचा इशारा, आणि रेक्सची गोणपाटावर उडी. महिनाभरात इशाऱ्याची गरज उरली नाही. कडूबाच्या तोंडातून ‘हा’ निघायचा अवकाश, की कुत्रं हाताला लटकलेलं असायचं. हे मग ‘लीव्ह’ म्हणायचे आणि तो सोडायचा. कडूबा धुळीत पडून हसायचा. म्हणायचा, “दादा, हे कुत्रं न्हाई, ही तर आपली वकिली हाय!”

सत्त्याहत्तरच्या जयंतीला वाड्यासमोर हा खेळ सगळ्यांना दाखवला. मिरवणूक संपली होती, गुलाल अंगावर तसाच. कडूबानं गोणपाट बांधलं आणि छाती काढून, अगदी बद्रीनाथच्या चालीनं, पुढं येत आवाज टाकला. रेक्सनं झेप घेतली. अख्खा वाडा उभा राहिला! म्हातारी माणसं टाळ्या वाजवताना मी पाहिली. गिरिजाबाई म्हणून आमच्यातल्या एक वयस्क बाई होत्या, त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “कुत्र्याला जे उमगलं ते आपल्याला उमगायला किती पिढ्या गेल्या गं!” खोटं कशाला बोलू, माझीही छाती भरून आली होती. आत्याबाई तेवढ्या गप्प होत्या. मला वाटलं, गर्दीनं दमल्या असतील.

घरी आल्यावर मला धास्ती बसली. ‘हाड’ हा शब्द गावात पाण्यासारखा सांडलेला असतो. कोंबडीला, शेळीला, उनाड कुत्र्याला, दिवसातून पन्नास वेळा तोंडून जातो. म्हटलं, “अहो, एखाद्या लेकराच्या तोंडून गेला तर?” हे म्हणाले, “त्याच्याकडं बघून म्हणलं तरच तो जातोय. बाकी फरक त्याला बराबर कळतो. बिलकुल घोर करू नको.” तरी मी घरोघर जाऊन सांगून आले. आणि आमच्या वाड्यानं ते काय मनावर घेतलं म्हणून सांगू! हौसेनं, अभिमानानं तो शब्द टाकला. बाया शेळ्यांना ‘गो गो’ म्हणून हाकलायला लागल्या. पोरं कोंबड्यांना ‘गेट आउट’ म्हणायची. शेळ्यांना काही ते उमजेना, त्या खुशाल ज्वारी खात उभ्या राहायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यातल्या शेळ्या गावात सगळ्यांत लठ्ठ होत्या. आम्ही पोट धरून हसायचो. हसता हसता सगळ्यांना वाटायला लागलं, की शब्द गेला, संपला.

आत्याबाईंनी मात्र साठ वर्षं तो शब्द वापरला होता. साठ वर्षांचा शब्द ‘गो’ म्हणून जात नाही.

वैशाखात आम्ही कुरडया घातल्या. अंगणात बाजेवर धोतर पसरून त्यावर वाळत टाकल्या होत्या आणि राखणीला आत्याबाई बसल्या होत्या. हे पेन्शनच्या कामासाठी अंबडला गेले होते. जाताना रेक्सला साखळीनं खुंटाला बांधून गेले होते. मी दुष्काळानंतर बसवलेल्या हापशावर पाण्याला गेले. तेवढ्यात ऊन खुंटावर आलं, रेक्स कुईकुई करायला लागला, आणि आत्याबाईंना राहवलं नाही. त्यांनी साखळी काढून दिली. तो येऊन त्यांच्या पायाशी सावलीत बसला. आणि रेक्सच्या मागून एक उनाड कुत्रं आलं, त्यानं बाजेला तोंड घातलं. आत्याबाई रेक्सच्या डोक्यावरून हात उगारून ओरडल्या, “हाड! हाड रं!”

मी कोपऱ्यावर होते. मी ते ऐकलं आणि हंडा टाकून धावले. उनाड कुत्रं केव्हाच पळालं होतं. रेक्सनं आत्याबाईंचा उगारलेला हात कोपराखाली धरला होता आणि त्या बाजेवर आडव्या पडल्या होत्या, कुरडयांच्या चुऱ्यात. मी ओरडले, ‘लीव्ह! लीव्ह रेक्स! छोड! सोड रे मुडद्या!’ येत होत्या तेवढ्या भाषा वापरल्या. त्याचा कान हलला नाही. कडूबा पळत आला, पण दारातच थिजला. आत्याबाई किंचाळल्या नाहीत. त्या एवढंच म्हणत होत्या, “रेकसू, मी हाय. मी हाय बाबा.” किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं आपण होऊनच सोडलं, मागं सरला आणि खाली बसला. शाबासकीची वाट बघत बसला. त्याचं ते बसणं मला आजही विसरता येत नाही.

अंबडला न्यायचं कसं? एसटीला वेळ होता. रक्त थांबेना. कडूबा तातेरावच्या मळ्यात पळाला आणि तातेराव ट्रॅक्टरला ट्रॉली लावून स्वतः आला. कडबा अंथरला, आत्याबाईंना झोपवलं. अंबडच्या दवाखान्यात आमची वर्दी लागताच हे धावत आले. टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला टोचलंय का? टोचलेलं होतं. “तरी दहा दिवस बांधून ठेवा, मारू नका,” डॉक्टर म्हणाले. “दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर आजीला पोटातली इंजेक्शनं नकोत.”

परत येताना हे ट्रॉलीत आईशेजारी उकिडवे बसले होते. ज्याच्या बापासाठी एवढा सगळा खटाटोप केला, त्याच्याच ट्रॉलीत. शहागडच्या फाट्याला तातेरावनं ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरून ट्रॉलीजवळ आला.

“कचरू,” तो म्हणाला, “कुत्र्याला तू काय शिकिवलं ते गावाला ठाऊक हाय. कुनासाठी शिकिवलं तेबी ठाऊक हाय. मी कदी काय बोललो न्हाई. माझा बाप तसाच व्हता. पर आता तुझ्याच मायला धरलं न्हवं त्यानं?”

ह्यांनी आईच्या अंगाखालचा कडबा सारखा केला. मला तातेरावचाही राग आला. खरं बोलणाऱ्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं.

संध्याकाळी पोलीस पाटील रामराव आला, मागं निम्मं गाव. आणि त्यात आमचीही माणसं होती, हे जास्त लागलं. गिरिजाबाई होत्या. कडूबा होता, तान्हं लेकरू कडेवर घेऊन. रामराव म्हणाला, “डॉक्टरनं दहा दिवस दिल्यात, ते तुझे. दहा दिवसानं मी सगळ्यांसमोर येऊन ह्याला हाड म्हणनार. गप राह्यलं तर तुझं कुत्रं तुला. अंगावर आलं तर दगड बांधून गोदावरीत. मंजूर?”

हे वाड्याच्या माणसांकडे बघत राहिले. जयंतीला उभं राहून टाळ्या वाजवणारी तीच माणसं. कडूबा म्हणाला, “दादा, माझं लेकरू रांगून राह्यलंय.” ह्यांनी होकारार्थी मान हलवली.

आत्याबाईंना विचारलं कुणी? त्या आतून ओरडून म्हणाल्या, “त्याला काय करू नका रे! त्यानं धन्याचं ऐकलं, त्याची काय चूक?”

शिकवलेलं पुसायचं कसं, हे मला ह्यांनीच एकदा सांगितलं होतं. बंदुकीच्या आवाजाला घाबरणारं कुत्रं असलं, की त्याच्याजवळ पुन्हा पुन्हा आवाज करायचा आणि काही होऊ द्यायचं नाही. हळूहळू तो आवाज साधा होतो. इथं आवाज म्हणजे तो शब्द. तो रोज, पुन्हा पुन्हा, रेक्सकडे बघून म्हणायचा, एवढंच काम. ते कोण करणार? कडूबा आमच्या अंगणात पाय ठेवीना. मी म्हटलं, मी म्हणते, लांब उभी राहून. हे म्हणाले, “तुझ्या तोंडून न्हाई. तुझा हात धरला तर?” मग उरले एक हेच. ह्यांच्यावर रेक्स कधीच आला नसता.

पण ह्यांच्या तोंडून शब्द निघेना.

रोज सकाळी हे रेक्ससमोर उभे राहायचे, हातात भाकरीचा तुकडा घेऊन. ओठ हलायचे. मग ‘सिट’ म्हणायचे, ‘स्टे’ म्हणायचे, जे कुत्र्याला आधीच येत होतं तेच शंभरदा घोकून घ्यायचे आणि भाकरी देऊन घरात यायचे. असे दिवस चालले होते. मला राग आला, कुत्र्याचा नाही, ह्यांचा. एके दिवशी मी तव्यावरून उठून बाहेर गेले आणि म्हणाले, “एका शब्दापायी मुका जीव मारताय तुमी. शब्द मोठा का जीव?”

“मी जन्मात कुनाला तो शब्द म्हणलो न्हाई,” हे म्हणाले. “माणसाला न्हाई, जनावराला न्हाई. मेरठला सायबानं म्हणलं असतं तरी म्हणलो नसतो. ज्या तोंडानं बद्रीनाथ मला म्हणला, ते तोंड मी माझ्या तोंडाला लावू?”

ओट्यावर आत्याबाई बसल्या होत्या, हात झोळीत. त्या म्हणाल्या, “बद्रीनाथ न्हाई म्हणला.”

आम्हाला वाटलं, ताप आहे, काहीतरी बोलतायत. मी त्यांच्या कपाळाला हात लावायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“कचरू, इकडं बघ. खळ्यावर तुला बद्रीनाथ न्हाई म्हणला. मी म्हणले.”

हे हातातली भाकरी घेऊन तसेच उभे होते.

“तू राशीजवळ गेल्तास. बद्रीनाथ बांधावरून येत व्हता, हातात काठी. आदल्या साली त्यानं एका लेकराचा पाय मोडला व्हता, रासंला हात लावला म्हणून. मी लांब झाडून राह्यले व्हते. धावले असते तर मीबी राशीपाशी गेले असते, मंग दोघंबी मेलो असतो. बाळा म्हणून हाक मारली असती, तर तू हसून माझ्याकडं बघितलं असतंस आन् तिथंच उभा राह्यला असतास. तसाच व्हतास तू. मंग जो शब्द ऐकून जल्दी पळत्यात तो टाकला.”

“कुत्र्याला म्हणत्यात तसा?” ह्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“तसाच. मोठ्यानं. बद्रीनाथच्या कानावर जायला पाहिजे व्हता. त्यो हसला. म्हणला, गोजरे, बेस हाकललंस. आन् काठी खाली केली.”

“आन् मला एवढी वर्षं...”

“तू आल्तास का कदी विचारायला?” आत्याबाई म्हणाल्या. “तू बद्रीनाथला धरून बसलास. मी म्हणलं, बसू दे. मेलेल्या माणसाला धरलं तर त्याचं काय जातंय? मायला धरलं असतं तर मी काय केलं असतं?”

मी तिथून आत जायला हवं होतं, पण गेले नाही. हे वळले, खुंटाकडे गेले आणि रेक्सची साखळी काढली. रेक्स आनंदानं समोर येऊन बसला, मान वर, कान उभे, हुकमाची वाट बघत.

ह्यांनी म्हटलं, “हाड.”

अगदी बारीक आवाजात म्हटलं. रेक्स ताडकन उठला, गुरगुरला, आणि गर्रकन वळला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. धन्याला तो शब्द म्हणणारा कुठं आहे ते शोधत होता. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तो परत ह्यांच्याकडं वळला.

“हाड!” आता ह्यांचा आवाज फुटला. “हाड! हाड!”

रेक्सला कळलं. कुत्र्याला कळायला भाषा लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी ते बघायला हवं होतं. कान पडले. शेपूट पायांत गेली. तो पोटावर चालल्यासारखा मागं सरला आणि मग भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरत, अंगणाबाहेर गेला. गावातलं दुसरं कुठलंही कुत्रं जातं तसा.

ह्यांनी भाकरी पुढं केली. “कम, रेक्स. कम.” तो कोपऱ्यावर थांबला, पण आला नाही. शेवटी ह्यांनीच जाऊन त्याला साखळी घातली आणि परत खुंटाला आणून बांधलं.

पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ आमच्या अंगणातून तो शब्द ऐकू यायचा. ज्या अंगणात कुणी तो काढायचा नाही असं ठरलं होतं, त्याच अंगणातून, ह्यांच्याच आवाजात. येणारे-जाणारे थांबून बघायचे. वाड्यातल्या बायांनी दारं लोटून घेतली. मला लाज वाटली, आणि कशाची वाटते तेही कळेना.

मुदत भरली तेव्हा रामराव आला, सकाळीच. ह्यांनी रेक्सची साखळी काढली, सगळे लांब लांब उभे राहिले. रामराव काठी सरसावून पुढं झाला आणि रेक्सकडं बघून ओरडला. रेक्सनं शेपूट घातली आणि तो भिंतीच्या कडेनं निघून गेला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कडूबानं लेकरू खाली ठेवलं. रामराव हसून म्हणाला, “आता कसं! आता झालं बघ ते आपल्या गावातलं कुत्रं.” गिरिजाबाई मात्र खाली मान घालून निघून गेल्या. हे रामरावाशी चांगलं बोलले, त्याला चहा दिला. कुत्र्याचा जीव वाचला होता. त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

सगळे गेल्यावर हे अंगणात जमिनीवर बसले. रेक्स उकिरड्यापलीकडं, लिंबाखाली बसला होता, इकडं बघत. ह्यांनी इंग्रजीत बोलावलं, हिंदीत बोलावलं. मग मी कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. हे जीभ टाळूला लावून म्हणाले, “यू, यू, यू. ये रे बाबा.” रेक्सनं मान उचलली आणि परत पायांवर ठेवली.

आत्याबाई ओट्यावरून उतरल्या. दुखरा हात छातीशी धरून, दुसऱ्यानं भिंत धरत आल्या आणि ह्यांच्याशेजारी जमिनीवर टेकल्या. हे तिकडं न बघताच म्हणाले, “माय, मी असाच गेल्तो का गं?”

“असाच.”

“मंग हे यील का परत?”

“यील की,” आत्याबाई म्हणाल्या. “तूबी आल्तास. पर पयल्यासारखा न्हाई आलास.”